मोहाखालची झाडलोट

१

मोहाचं फूल कोणाच्या बापासाठी थांबत नाही. पहाटे टपटप गळायला लागतं आणि ऊन चढेस्तोवर गळून मोकळं होतं. तेवढ्यात वेचलं तर आपलं, नाहीतर गुराढोरांचं. म्हणून चैत्र लागला की आंबागडच्या बाया कोंबड्याच्या आधी उठतात, आणि कुंताबाई त्या बायांच्याही आधी.

गडाच्या पायथ्याशी एक सपाट, रिकामा तुकडा आहे. ना कोणाची धानाची बांधी, ना धड जंगल. गावात त्याला नुसतं पडीत म्हणतात. त्याच्या कडेला कुंताबाईच्या सासरचे तीन मोह आहेत. जमीन सरकारची, झाडं सरकारची, पण फूल कुंताबाईचं. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही, तरी गावातलं दुसरं माणूस त्या तीन झाडांखाली वाकत नाही. एवढा मान सातबाऱ्यालाही मिळत नाही.

फूल गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा काढावा लागतो, नाहीतर फूल पाल्यात बुडतं. सगळं गाव पाला पेटवून देतं. जमीन काळी, साफ होते आणि पिवळं फूल लांबून दिसतं. जंगलखात्याची मनाई आहे, पण नुसत्या मनाईनं कोणाचा पाला हटला आहे? यंदा मात्र कुंताबाईनं काडी लावली नाही. साठीला टेकलेली बाई दोन दिवस खराटा घेऊन राबली आणि तिन्ही मोहांखाली गोल, स्वच्छ जागा काढून घरी आली.

"एका काडीचं काम, आन कंबर मोडून घेतली," नवरा टिकाराम म्हणाला. खराटा भिंतीशी ठेवून ती चुलीकडे वळली, आणि त्यानंही पुढे ताणलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती टोपली घेऊन गेली, तर मधल्या मोहाखालचा गोल हा गोल राहिला नव्हता. पडिताच्या बाजूनं त्याला एक पट्टा फुटला होता. बैलगाडी सहज जाईल एवढा रुंद, दहाएक पावलं लांब. त्यावर पान म्हणून नव्हतं. दोन्ही बाजूंना साग-पळसाचा पाला घोट्याएवढा साचलेला आणि मध्ये तेवढी जमीन उघडी.

कुंताबाई खराटा खाली टेकून उभी राहिली. आपणच झाडलं असेल, तिनं मनाला सांगितलं. अंधार पडत होता, हात चालला तसा चालला. वय झालं की माणूस मीठ दोनदा घालतं. मग ती वेचायला बसली.

२

दुसऱ्या दिवशी पट्टा पंचवीस पावलं झाला होता.

तो वाकडातिकडा नव्हता. मोहाच्या बुंध्यापासून निघून पडिताच्या मधोमध, सरळ, पलीकडच्या पळसाकडे तोंड करून चालला होता. आता मीठ दोनदा घातल्याचं कारण चालण्यासारखं नव्हतं. कुंताबाईला राग आला. राग बरा असतो, भीतीला आत येऊ देत नाही. ती तडक शेजारी आपल्या मोहाखाली वेचणाऱ्या रुखमिणीकडे गेली.

"रुखमा, माह्या मोहाखालून कोन झाडून राहिलं वो? सीधं सांग."

"बाप्पा!" रुखमिणीनं कमरेवर हात ठेवला. "मले माह्याच झाडाखालचा पाला आवरत नाई, आन तुह्या पडितात झाडायले येऊ? मजुरी देतं का?"

"मंग कोन येते?"

"नाकेदाराले विचार. त्याईचीच जाळरेषा असन."

हे मात्र पटण्यासारखं होतं. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जंगलखातं असे पट्टे साफ करतंच. कुंताबाईला एवढं हायसं वाटलं की दुपारी जंगलखात्याचा नाकेदार हेमराज मोटरसायकलवरून जाताना दिसला तेव्हा तिनं त्याला हसतच थांबवलं.

हेमराज पट्ट्यावर थोडा चालून आला. "आमची रेषा तिकडे वरतं आहे, हद्दीवर," तो म्हणाला. "आन आमी ते जाळून काढतो. असं झाडत बसलो तर पावसाळा लागन." मग त्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "यंदा तुमी पाला जाळला नाई, मावशी?"

"नाई जी."

"चांगलं आहे."

चोराच्या मनात चांदणं. त्या दोन शब्दांवर कुंताबाई नजर चुकवून पदर सारखा करू लागली. हेमराज गेल्यावर ती पट्ट्यावर वाकली. खराट्यानं झाडलं की मातीवर बारीक रेघांची कमान उमटते, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. इथं कमान नव्हती. चार-चार, पाच-पाच जाड रेघा होत्या, जवळजवळ, मिळून वीतभर रुंदीच्या. तिनं आपला हात त्या रेघांवर ठेवून पाहिला. बोटं बरोबर बसली. रेघा तिच्या बोटांपेक्षा थोड्या बारीक होत्या, एवढंच.

कोणीतरी हातानं झाडत होतं.

३

आता गेल्या वर्षीचं सांगायलाच हवं.

गेल्या चैत्रात दोन दिवस अवकाळी पाऊस पडला आणि पाला भिजला. शहाण्या बाया वाळायची वाट पाहत बसल्या. कुंताबाईला धीर नव्हता, फूल गळायला लागलं होतं. तिनं पहाटे तिन्ही मोहांखाली ढीग करून काडी लावली. ओला पाला पेटत नाही, नुसता धुमसतो. धूर वर गेला नाही. थंड हवेनं त्याला खाली दाबलं आणि बघता बघता सगळं पडीत, गडाचा पायथा, मागचा डोंगर, सगळं पांढरं झालं. तीन ढिगांचा एवढा धूर होईल हे तिलाही वाटलं नव्हतं.

ऊन निघायच्या सुमारास वरून आवाज आला. छोट्या विमानाचा. विमान चालवायला शिकवणारी एक शाळा तिकडे कुठेतरी आहे, ती विमानं अधूनमधून दिसायची, पोरं हात हलवायची. त्या दिवशीचा आवाज मात्र सरळ नव्हता. खोकल्यासारखा मध्येच तुटत होता. धुराच्या वर तो फिरून गेला, पुन्हा आला, पुन्हा फिरून गेला. कुंताबाई मोहाच्या कडेला वेचत होती. तिनं एकदा मान वर केली. धुरात काही दिसलं नाही. तिनं मान खाली घातली.

मग गडाच्या मागे आवाज झाला. खाणीत सुरुंग उडतो तसा, पण एकच.

विमानात दोघं होती. शिकवणारा एक मास्तर, परप्रांतातला, आणि शिकणारी एक पोरगी. दोघंही जागेवर गेली. पुढे साहेब लोक आले, मोजमापं झाली, गावाला विचारणं झालं. कुठे आग, धूर होता का? कुंताबाईच्या तोंडातून शब्द निघायच्या आधी टिकाराम पुढे झाला.

"धुकं होतं साहेब. असं धुकं, का हाताले हात दिसत नव्हता."

सगळ्या गावानं मान हलवली. गाव दुष्ट नव्हतं. प्रत्येकाच्या घरी मोह होता आणि प्रत्येकानं कधी ना कधी पाला जाळला होता. आज हिची पाळी, उद्या आपली. झाकली मूठ सव्वा लाखाची. कागदावर धुकं लिहिलं गेलं आणि साहेब लोक निघून गेले.

कुंताबाई त्यानंतर वर्षभर नीट जेवली नाही. हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

४

पट्टा रोज वाढत होता. पन्नास पावलं. ऐंशी. कुंताबाईनं मोजणं सोडलं नव्हतं, आणि मोजल्याशिवाय वेचायला बसवतही नव्हतं. एका संध्याकाळी तिनं पट्ट्यावर मुद्दाम टोपलीभर पाला आणून टाकला. सकाळी तो पाला दोन्ही कडांना नीट सारलेला होता.

तिला आवाज ऐकू यायला लागला तो पाचव्या दिवशी. ऊन निघायच्या सुमारास, आधी लांब, मग जवळ, मग गडाच्या मागे. मध्येच तुटणारा. आकाश अगदी निवळलेलं होतं, घार दिसली असती. काही नव्हतं. आवाज मात्र डोक्यावरून गेला, फिरला आणि परत आला.

घरी येऊन तिनं टोपली खाली ठेवली. टिकाराम ओसरीत गुडघ्याला तेल चोळत बसला होता.

"अजी, सकाळी काई ऐकू आलं का तुमाले?"

"काय?"

"वरतं. विमानासारखं."

टिकारामचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "ड्रोन असन. उन्हाळी धानावर आजकाल ड्रोननं औषध मारून राहिले लोकं."

"आपल्या इकडे कोनाचं उन्हाळी धान आहे?"

"चिखल्याच्या खाणीतला जनरेटर असन मंग. वाऱ्यानं येते आवाज."

"वारा नव्हता जी."

"कुंता," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज बसलेला होता, "तू कायले खोदून राहिली? मले बी ऐकू येते. कालपासून. झालं समाधान? ऐकू येऊ दे. आवाजानं कोनी मरत नाई."

त्यानं हे का म्हटलं, त्याचं त्यालाच कळलं नसावं. आत चहा उकळून उतू गेला.

त्याच दिवशी रुखमिणी बातमी घेऊन आली. विमानातली ती अड्याळची पोरगी, राखी, तिचं वर्ष भरत होतं. तिची आई उद्या डोंगराशी येणार होती.

"अड्याळची?" कुंताबाईनं विचारलं. वर्षभर तिनं त्या पोरीचं गाव विचारलं नव्हतं. लांबचं कुठलं तरी शहर असेल अशी तिनं समजूत करून घेतली होती. अड्याळ म्हणजे तर आपल्याच जिल्ह्यातलं, पवनीकडचं. आपल्यासारखंच बोलणारं.

"हो ना. बापाचं किराणा दुकान आहे. गावातली पयली पोरगी विमान शिकणारी. आन आता गाव म्हणते, पोरीच्या हातानंच पडलं. धुक्यात शिरलीच काहून म्हणते. मास्तरचा जीव बी हिनंच घेतला म्हणते." रुखमिणीनं आवाज खाली आणला. "मायनं घराबाहेर निघनं सोडलं होतं म्हणे."

कुंताबाई उठून आत गेली आणि भिंतीला डोकं टेकवून उभी राहिली. धूर तिचा होता. नाव त्या पोरीचं गेलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर निघाली. झुंजूमुंजू व्हायला लागलं होतं. टिकाराम जागा होता, पण त्यानं जाऊ नको म्हटलं नाही.

पडिताच्या अलीकडे एक उतार आहे. तिथेच तिला आवाज ऐकू आला. खस्, खस्, खस्. पाला सरकवल्याचा. रानडुक्कर असेल, तिच्या मनानं लगेच सांगितलं. अस्वल असेल. मोहाच्या दिवसांत अस्वल येतंच, गेल्या आठवड्यात पलीकडच्या गावात आलं होतं. अस्वल असतं तर कुंताबाईला बरं वाटलं असतं.

ती मोहाच्या बुंध्याआड उभी राहिली. उजेड फार नव्हता. पट्टा पलीकडच्या पळसापर्यंत जवळजवळ पोचला होता, आणि त्याच्या टोकाला कोणीतरी गुडघ्यांवर बसलेलं होतं. पाठमोरं. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर वर्दीच्या फितीसारखं काहीतरी चमकणारं. केस मागे घट्ट बांधलेले. दोन्ही तळहातांनी ते पाला बाजूला सारत होतं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. फार घाईनं. पाहुणे दारात आणि घर झाडायचं राहिलेलं असावं, तशी घाई.

मग वरून तो आवाज आला. तुटणारा.

झाडणाऱ्या त्या आकृतीनं हात थांबवले आणि मान वर केली. आवाज डोक्यावरून गेला तशी मानही हळूहळू फिरली. कुंताबाईला गालाची कड दिसली, एवढीच. किती लहान होती पोरगी! आवाज गडामागे गेला. तिनं पुन्हा खाली वाकून सारायला सुरुवात केली, आधीपेक्षा जोरात, आणि सारता सारता ती काहीतरी पुटपुटत होती. शब्द कळले नाहीत. सूर कळला. थांब जरा, झालंच, असं लहान भावंडाला सांगतात त्या सुरातलं.

वरही तीच होती आणि खालीही तीच. कुंताबाईला हे कसं कळलं ते तिला सांगता आलं नसतं. आणि भीती वाटली का, तर वाटली. पण भीतीच्या खालून जे वर आलं ते वेगळंच होतं. एवढ्याशा हातांनी, एकटीनं, रोज. तिला वाटलं पुढे व्हावं आणि ते हात धरावेत. पण पाय उचलेनात.

उजेड आला तेव्हा पळसाखाली कोणी नव्हतं. पट्टा पुरा झाला होता. मोहापासून पळसापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळं पडीत मधोमध मोकळं. कुंताबाई बुंध्याशी खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. त्या दिवशी फूल तसंच पडून राहिलं.

६

राखीची आई मंदाबाई आली ती दहाच्या सुमाराला, आपला भाऊ कैलाश याच्यासोबत. बारीक बाई, हातात डबा. डब्यात लेकीच्या आवडीचं काहीतरी असावं. आधी ती गडामागच्या डोंगराशी जाऊन आली, मग सावलीला म्हणून मोहाखाली टेकली. टिकारामनं पाण्याचा गडवा पुढे केला. घरी राहवेना म्हणून रुखमिणीही आली होती. कुंताबाई थोडी दूर उभी होती.

"तुमीच होते ना त्या दिवशी इथं?" मंदाबाईनं टिकारामला विचारलं. "कागदात तुमचं नाव आहे."

"होय बाई."

"माहं एकच विचारनं आहे. आमच्या अड्याळले त्या दिवशी लखलखीत ऊन होतं. चैत्रात धुकं कुठून आलं जी?"

टिकारामनं जमिनीकडे पाहिलं. "डोंगराचं काई सांगता येत नाई. होतं बाई धुकं."

"होतं असन," मंदाबाई म्हणाली. "सारेच म्हणते तर असन. मशीन बिघडलं होतं, उतरायले जागा पाहून राहिले होते, हे बी कागदात आहे. पन लोकं म्हणते, जागा नसन तिथं घिरट्या कायले घातल्या? पोरीले समजलंच नाई म्हणते. तिचा बाप आता दुकानात बसत नाई. गिऱ्हाईक काई म्हणत नाई, पन पाहते ना." तिनं डबा मांडीवर घेतला. "मी म्हनलं, एकडाव आपन जाऊन विचारू. नाई काई निघालं तर मंग आपली पोरगीच चुकली, असं समजून घेऊ."

तेवढ्यात लांबून तो आवाज सुरू झाला.

टिकारामची मान झुकली. रुखमिणीनं वर पाहिलं आणि घाईनं खाली पाहिलं, म्हणजे तिलाही येत होता. मंदाबाई डब्याचं झाकण चाचपत बसली होती. तिला तो ऐकूच येत नव्हता. जिची पोरगी, तिलाच नाही.

आवाज डोक्यावरून गेला.

"धुकं नव्हतं," कुंताबाई म्हणाली.

"कुंता," टिकाराम म्हणाला.

"धुकं नव्हतं बाई. धूर होता. म्या पाला जाळला होता, ओला पाला. या तीन झाडाखाली. सारं पडीत धुरानं भरलं होतं. माहा धूर होता. याईनं माह्यासाठी धुकं सांगितलं, आन गावानं बी सांगितलं. तुह्या पोरीनं काई नाई केलं."

कैलाश उठून उभा राहिला होता. मंदाबाईनं हात वर करून त्याला थांबवलं. ती कुंताबाईकडे पाहत होती. त्या पाहण्यात राग असता तर कुंताबाईला तो सोसता आला असता.

"किती वेळ फिरली?" मंदाबाईनं विचारलं.

वर्षभर कोणी न विचारलेला प्रश्न हाच होता. साहेबांनीही नाही. कुंताबाईनं मिनिटं कधी मोजली नव्हती. तिला एकच माप ठाऊक होतं.

"अर्धी टोपली भरली माही," ती म्हणाली. "तेवढा वेळ. मले ऐकू येत होतं. बाजूले पान्याची कॅन होती, विझवता आलं असतं. म्या वेचत राहिली."

रुखमिणीनं तोंडावर हात ठेवला. टिकाराम मोहाच्या मुळाशी बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. मंदाबाई डबा घेऊन उठली आणि सावलीतून बाहेर आली. पहिल्यांदाच तिनं समोर नीट पाहिलं. सपाट, लांब, मोकळं पडीत, मधोमध झाडून लख्ख केलेलं.

"म्हनजे माह्या राखीनं जागा बरोबर ओळखली होती," ती म्हणाली.

आवाज गडामागून परत फिरला होता. या वेळी तो वरून गेला नाही. खाली येत होता, खाली, आणखी खाली. तुटत नव्हता. पट्ट्याच्या दोन्ही कडांचा पाला, वारा नसताना, एकदम उडाला आणि पळसापर्यंत उडत गेला. मग सगळं शांत झालं.

मंदाबाईनं मान वळवून पळसाकडे पाहिलं. काय दिसलं, ते तिनं पुढे कोणाला सांगितलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, डबा छातीशी धरला आणि पट्ट्यावरून चालायला लागली. आधी हळू, मग भराभर. कैलाश तिच्यामागे दोन पावलं गेला आणि का कोण जाणे, थांबला.

कुंताबाई जागची हलली नाही. तिकडे जायचा हक्क तिला नव्हता.